शंभरदा मागितलेली क्षमा

“सुहासजी, तुम्हाला ओसीडी आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर.”

मी त्यांच्याकडे बघत होतो खरा, पण मनात प्रभूची प्रार्थना चालू होती. चौथ्यांदा. तिसऱ्या वेळी मध्यावर एक घाणेरडा शब्द आला होता, म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

“अभी भी चल रहा है ना अंदर?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. शेजारी बसलेल्या शर्मिलाने, माझ्या बायकोने, माझा हात धरला. मला तो सोडवून घ्यावासा वाटला, कारण कुणी हात धरलेला असताना म्हटलेली प्रार्थना मोजायची की नाही, हे माझं ठरलेलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं की या आजाराचे दोन भाग असतात. ऑब्सेशन म्हणजे नको असलेला विचार, जो हाकलला तरी घुसतो. कम्पल्शन म्हणजे तो विचार पुसण्यासाठी माणूस पुन्हा पुन्हा जे करतो ते. कुणी हात धुतं, कुणी कुलूप ओढून बघतं. “तुम्ही क्षमा मागता. धर्माभोवती फिरणाऱ्या या प्रकाराला स्क्रुप्युलॉसिटी म्हणतात.”

“पण हे पाप नाही, आजारच आहे, हे तुम्हाला कसं माहीत?” मी विचारलं.

“पापाचं मला माहीत नाही. मी त्याची डॉक्टर नाही. पण हा आजार मी दर सोमवारी या खोलीत बघते.”

आम्ही बाहेर आलो. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत, म्हणजे बाह्यरुग्ण विभागात, बाकांवर माणसं दाटीने बसली होती आणि एक अटेंडंट नंबर पुकारत होता. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मनात आलं, मी डॉक्टरांना सगळं नीट सांगितलं का? काही लपवलं असेल तर निदान चुकलं, आणि निदान चुकलं असेल तर मी पापीच. मी उलटा वळलो, दार ढकललं. आत पुढचा पेशंट बसलेला होता.

“डॉक्टर, एक गोष्ट सांगायची राहिली.”

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “राहू द्या,” त्या म्हणाल्या. “उपचार इथूनच सुरू झाला असं समजा.”

हे सगळं लिहावं की नाही, याबद्दल मी बरेच महिने घोळ घातला. शेवटी ठरवलं, लिहायचं. कारण एखाद्या चर्चच्या मंडळीत, एखाद्या घरात, आत्ता कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असेल आणि सगळ्यांना वाटत असेल की काय भक्ती आहे. ती भक्ती नसेलही. त्या माणसाला मदत हवी असेल.

मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे. केंद्र सरकारच्या एका खात्यात अभियंता आहे; पाण्याच्या योजनांची ड्रॉइंग तपासणं हे माझं काम. सरोजिनी नगरला सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहतो. शर्मिला पहाडगंजला एका मराठी शाळेत शिकवते. मुलगी कृपा त्या वेळी अकरा वर्षांची होती. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. दिल्लीत मराठी मंडळी लहान आहे. एका चर्चचा हॉल आम्हाला रविवारी दुपारी मिळतो, तिथे मराठीतून उपासना होते. मी त्या उपासनेत शास्त्रवाचन करायचो, म्हणजे बायबलमधला उतारा सगळ्यांना वाचून दाखवायचो.

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मी वाचायला उभा राहिलो. बाहेर धुरकट हवा होती, सगळ्यांचे घसे खवखवत होते. वाचता वाचता प्रभूच्या नावापाशी आलो आणि माझ्या डोक्यात एक शिवी उमटली. प्रभूला दिलेली. तोंडातून बाहेर पडली नाही, पण मला वाटलं, पडणार. मी ओठ दाताखाली धरले. लोकांना वाटलं, खोकला आला. कुणीतरी पाणी आणून दिलं.

जागेवर येऊन बसलो तेव्हा पाठ घामाने ओली होती. मी मनात क्षमा मागितली. लगेच तीच शिवी पुन्हा आली. पुन्हा क्षमा मागितली.

शास्त्रात एक वचन आहे, पवित्र आत्म्याविरुद्ध केलेल्या दुर्भाषणाला क्षमा नाही अशा अर्थाचं. लहानपणी वडिलांकडून ते ऐकलं तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आता ते माझ्यावर येऊन बसलं. मी तेच पाप केलं का? मनात केलेलं मोजतात का? नकळत केलेलं? मी रात्रंदिवस याचाच तपास करू लागलो.

डिसेंबरपर्यंत माझे नियम तयार झाले होते. प्रार्थना वाईट विचाराशिवाय पूर्ण झाली पाहिजे. झाली नाही तर पहिल्यापासून. सकाळी सरोजिनी नगरहून मेट्रो पकडायची, आयएनएला बदलायची, पुढे केंद्रीय सचिवालय. दोन स्टेशनांच्या मध्ये प्रार्थना निर्विघ्न झाली तरच पुढे जायचं. नाही झाली तर उतरायचं, पुढची गाडी घ्यायची. वाटेतल्या जोरबाग स्टेशनच्या फलाटावर मी किती वेळ काढला असेल, देव जाणे. तिथला एक गार्ड मला ओळखू लागला होता. “सर, तबीयत ठीक है?” तो विचारायचा. मी म्हणायचो, “किसीका इंतज़ार है.” आणि मग खोटं बोललो म्हणून त्याची वेगळी क्षमा.

ऑफिसात मी दहाच्या ऐवजी साडेअकराला पोचायला लागलो. एका ड्रॉइंगवर सही करायला मला पूर्ण दिवस लागला, कारण सही करताना जो विचार आला तो त्या कागदाला लागला असं वाटत होतं. साहेबांनी बोलावून विचारलं. मी ॲसिडिटीचं कारण दिलं.

घरी मी बसत नसे. या खोलीतून त्या खोलीत. शर्मिला म्हणायची, “सुहास, जरा टेक ना.” मी टेकायचो आणि उठायचो.

ख्रिस्तजयंतीच्या आठवड्यात मी आमच्या पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना, सगळं सांगितलं. त्यांना मी वीस वर्षं ओळखतो. साठीचे, सोलापूरकडचे, शांत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, “ज्याला आपण ते पाप केलं याची एवढी भीती वाटते, त्याने ते केलेलं नसतं. तुला क्षमा आहे, सुहास.”

बाहेर पडलो तेव्हा मन एकदम हलकं झालं होतं. गेटपर्यंत टिकलं. गेटपाशी वाटलं, मी त्यांना ती शिवी नेमकी सांगितली नाही. ती ऐकली असती तर ते असं म्हणाले असते का? मी फोन लावला. त्यांनी पुन्हा धीर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन, दुपारी फोन. जानेवारीत मी त्यांना दिवसाला पंधरा-वीसदा फोन करत होतो. बिचारे प्रत्येक वेळी उचलायचे.

शेवटी त्यांनाही काही सुचेना. “हा आत्मिक हल्ला दिसतो,” ते म्हणाले. “आपण दोघंही तीन दिवस उपास करू.” मनापासून सांगितलं होतं त्यांनी, आणि स्वतःही केला. दुसऱ्या दिवशी मला ऑफिसच्या जिन्यात चक्कर आली. रिकाम्या पोटी विचार कमी झाले नाहीत, उलट दाटीवाटीने आले. तिसऱ्या दिवशी मी उपासातही नापास झालो असं धरून चाललो.

त्यानंतर मी एका न्यूरॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे गेलो. शर्मिलाला सांगितलं डोकं दुखतं म्हणून. खरं कारण वेगळं होतं. मला डोक्यात गाठ हवी होती. गाठ असेल तर शिव्या गाठीच्या; नसेल तर माझ्या. एमआरआयच्या त्या नळकांड्यात पडून, कानाशी ठकठक चालू असताना, मी देवाकडे ट्यूमर मागितला. तोही नीट मागता येईना, तीनदा पुन्हा मागितला.

रिपोर्ट नॉर्मल आला. शर्मिलाने देवाचे आभार मानले आणि माझ्याकडे पाहिलं. मी रडत होतो. तिला वाटलं, आनंदाने. मग तिला कळलं, तसं नाही. त्या संध्याकाळी तिने दार लावून मला बसवलं आणि म्हणाली, “काय आहे ते सगळं सांग. मला काहीही चालेल.” मी सांगितलं. ती मला सोडून जाईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, “एवढे महिने एकट्याने हे वागवत होतास?”

तरीही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायला मी तयार नव्हतो. तयार झालो तो कृपामुळे.

मार्चमध्ये तिची परीक्षा होती. झोपण्याआधी ती प्रार्थना म्हणायची आणि मी ‘आमेन’ म्हणायचो. त्या दिवशी तिची प्रार्थना संपली, मी आमेन म्हटलं. मग ती हळूच म्हणाली, “पप्पा, बिल्कुल बरोबर झाली ना? मध्ये मला मॅथ्सचा विचार आला. परत म्हणू?”

मी म्हणालो, “नको, झाली.”

“पण तुम्ही तर परत म्हणता. मी बघते ना, तुमचे ओठ हलतात.”

मी बाहेर येऊन शर्मिलाला म्हणालो, “सोमवारची अपॉइंटमेंट घे.” सुरुवातीला सांगितला तो हाच सोमवार.

पुढच्या भेटीत डॉक्टरांनी माझ्या ओपीडी कार्डाच्या मागे पेनने मेंदू काढून दाखवला. कपाळाच्या मागे, डोळ्यांच्या वरच्या बाजूला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स नावाचा भाग असतो. काहीतरी चुकतंय अशी सूचना देणं हे त्याच्या कामांपैकी एक. आत खोलवर बेसल गँग्लिया असतात. ‘ठीक आहे, बघितलं, आता पुढे चला’ म्हणून ती सूचना थांबवायला ते मदत करतात. ओसीडीत हे चक्र थांबत नाही. घंटा वाजतच राहते. वेडेवाकडे विचार सगळ्यांनाच येतात, त्या म्हणाल्या; कड्यावर उभं असताना उडी मारावी असं चांगल्या माणसालाही क्षणभर वाटून जातं. बाकीच्यांच्या डोक्यातून तो विचार निघून जातो. “आपका अटक जाता है. और वहीं अटकता है, जो आपको सबसे प्यारा है.”

गोळ्या सुरू झाल्या. एसएसआरआय हा औषधांचा गट आहे. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना सेरोटोनिन नावाचं जे रसायन वापरतात, ते या औषधाने पेशींमध्ये जास्त वेळ उपलब्ध राहतं. परिणाम दिसायला कित्येक आठवडे लागतात हे आधीच सांगितलं होतं. ते आठवडे कठीण गेले. मळमळ, झोप उडालेली, आणि फरक शून्य.

गोळीबरोबर थेरपी होती. एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, थोडक्यात ईआरपी: ज्याची भीती वाटते त्याच्यासमोर मुद्दाम जायचं, आणि भीती घालवण्यासाठी नेहमी जे करतो ते करायचं नाही. शबनम मॅडम नावाच्या सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसशास्त्रज्ञ, ती घेत. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, “तुम्ही मला देवाची निंदा करायला लावणार का?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या धर्मात जे चूक आहे ते मी कधीच करायला सांगणार नाही. पण आजार कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो, ते मला तुमच्या मंडळीतल्या कुणीतरी समजावलं पाहिजे. तुमच्या पाळकांना घेऊन या.”

पाळकसाहेब आले. बाकावर पाऊण तास वाट बघत बसले, मांडीवर टोपी. आत मॅडमनी त्यांना विचारलं की सुहास क्षमेबद्दल विचारतात तेव्हा तुम्ही काय करता. ते म्हणाले, “धीर देतो.”

“पुढच्या वेळी देऊ नका.”

ते म्हणाले, “मॅडम, माझं कामच ते आहे.”

“एकदा सांगितलंत तो धीर झाला. विसाव्यांदा सांगता तेव्हा आजाराला खाऊ घालता. त्यांना दोन मिनिटं बरं वाटतं आणि मेंदू शिकतो की विचारल्याशिवाय सुटका नाही.”

पाळकसाहेब खाली बघत म्हणाले, “माझी आई दिवसभर घागरी धुवायची. धुतलेल्या पुन्हा धुवायची. हातांची सालटी निघायची. आम्ही तिच्यासाठी उपास केले, प्रार्थना केल्या. दवाखान्यात कुणी नेलं नाही. तशीच गेली ती.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुहास, तुला उपास करायला लावला, ते माझं चुकलं.”

मी त्यांना विचारलं, “पाळकसाहेब, हे सगळं मेंदूतलं असेल, तर माझी प्रार्थनाही मेंदूतलीच का?”

“गाणं गळ्यातून येतं,” ते म्हणाले. “गळा बसला म्हणून आपण गाणाऱ्याला पापी म्हणत नाही. औषध देतो. आणि देवाने तुला धरून ठेवणं तुझ्या मनाच्या स्वच्छतेवर अवलंबून असतं ना, तर तू आणि मी दोघंही केव्हाच बुडालो असतो.”

त्या दिवसापासून मी फोन केला की ते म्हणायचे, “याचं उत्तर मी देणार नाही. जेवलास का?” पहिल्या दिवशी मला त्यांचा भयंकर राग आला. मी ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, “जेवलास का?”

थेरपीत मला एक वाक्य लिहून रोज मोठ्याने वाचायचं होतं: मला क्षमा मिळाली की नाही, हे मला शंभर टक्के कधीच कळणार नाही. वाचायचं आणि गप्प बसायचं. प्रार्थना करून ते पुसायचं नाही. पहिल्या वेळी छातीत इतकं धडधडलं की मी खुर्चीचे हात धरून बसलो. मॅडम घड्याळ बघत होत्या. भीती चढली, चढली, आणि तासाभराने, मी काहीही न करता, थोडी उतरली. मला ते पटलं नाही, पण दिसलं. मेट्रोतही तेच. प्रार्थना एकदाच, अर्धवट राहिली तर राहिली, गाडीतून उतरायचं नाही. जोरबागला दार उघडायचं, बंद व्हायचं. मी दांडा धरून उभा.

जूनपर्यंत मी वेळेवर ऑफिसला जाऊ लागलो. आणि जुलैत मी मूर्खपणा केला.

उपासनेत साक्ष देण्याची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगण्याची, वेळ होती. मी उठलो आणि म्हणालो, प्रभूने मला पूर्ण बरं केलंय. लोकांनी हालेलुया म्हटलं. घरी आल्यावर वाटलं, पूर्ण बरं केलंय तर गोळ्या कशाला? गोळी घेणं म्हणजे अविश्वास, आणि साक्ष खोटी. डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद केल्या. शर्मिलाच्या नकळत त्या बेसिनमध्ये टाकत होतो.

तीन-चार आठवड्यांत सगळं परत आलं, पहिल्यापेक्षा जोरात. आता त्यात साक्ष खोटी ठरल्याची भर. मी ऑफिसला जाईना. एका दुपारी गच्चीवर वाळलेले कपडे काढायला गेलो, कठड्याशी उभा राहिलो आणि मनात आलं की हे सगळं आत्ता थांबवता येईल. या विचारात आणि शिव्यांच्या विचारात फरक होता. त्या नको होत्या. हा मला बरा वाटला. म्हणूनच मी घाबरलो. कपडे तिथेच टाकून खाली आलो आणि शर्मिलाला शाळेत फोन करून जसं घडलं तसं सांगितलं. ती म्हणाली, “खालच्या आंटींकडे जाऊन बस. फोन ठेवू नकोस.” पहाडगंजहून ऑटोने घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी बोलत राहिली. तिथून आम्ही थेट कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात गेलो. मला वॉर्डात भरती केलं.

वॉर्डात मी बारा दिवस होतो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आणि त्यांच्या जोडीला दुसरं एक औषध. तिसऱ्या दिवसापासून मला बसता येईना. झोपलो की पाय आपोआप हलत. उभा राहिलो की चालावंसं वाटे, चाललो की पळावंसं. कातडीच्या आत मुंग्या चालत असाव्यात तसं. मी कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होतो, सकाळ, दुपार. सिस्टर म्हणायच्या, “भैया, दो मिनट बैठ जाओ.” दोन मिनिटंही शक्य नव्हती. मला खात्री झाली की देव मला सोडून गेला. मागे उरते ती ही अवस्था. नरक म्हणून जे सांगतात ते असंच असणार, आग वगैरे नाही, फक्त कुठेच टेकता न येणं.

राउंडला डॉक्टर आल्या. मी चालता चालताच हे सांगितलं. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या. “ये अकाथिसिया है,” त्या म्हणाल्या. नव्या औषधाचा दुष्परिणाम. माणसाला स्वस्थ बसता येत नाही, आतून तगमग होते. त्यांनी ते औषध थांबवलं, तगमगीवर दुसरी गोळी दिली. दोन-तीन दिवसांत पाय शांत झाले.

मी खाटेवर आडवा पडलो. देव सोडून गेल्याची जी खात्री होती, ती त्या नव्या औषधाबरोबर आली होती आणि त्याच्याबरोबरच निघून गेली. मग माझ्या बाकीच्या खात्र्यांचं काय? पहिल्यांदाच मला माझ्या भीतीवर शंका आली.

शेजारच्या खाटेवर गुलशनजी होते. त्यांचं बाजारात कपड्यांचं दुकान होतं. पन्नाशीचे, जाड मिशा, कुणाशी फारसं न बोलणारे. एका दुपारी त्यांनी मला विचारलं, “आप भी मन में कुछ पढ़ते रहते हो?” मी हो म्हणालो. मग ते भिंतीकडे तोंड करून सांगू लागले. दुकानात देवीचा फोटो आहे. रोज सकाळी दिवा लावायचे. वर्षभरापासून दिवा लावताना देवीबद्दल घाण घाण मनात येतं. शब्द येतात, चित्रं येतात. दिवा विझवून पुन्हा लावायचे, पंचवीस वेळा, तीस वेळा. गिऱ्हाईक उभं राहायचं. आता दुकानात जायचंच बंद केलं. “माँ मुझे माफ़ नहीं करेगी,” ते म्हणाले.

त्यांनी एक शब्द सांगितला. तो माझाच शब्द होता. नोव्हेंबरात शास्त्र वाचताना मला आला तोच.

मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिलो. त्या क्षणी मला या माणसाबद्दल जरासुद्धा घृणा वाटली नाही. वाटलं एवढंच, केवढं प्रेम आहे याचं देवीवर, आणि बिचारा कशात अडकलाय. त्यांनी निंदा केली असं माझ्या मनातही आलं नाही. आणि मग मला सुचलं की माझ्यासारख्या चिडक्या, थकलेल्या माणसाला हे एका मिनिटात कळतं, तर ज्याने मन घडवलं त्याला माझ्याबद्दल कळत नसेल का?

मी हे बोलून दाखवणार होतो. मग आठवलं, धीर द्यायचा नाही. मी म्हणालो, “गुलशनजी, चाय आ गई है. उठिए.” ते उठले. आम्ही दोघं खिडकीपाशी उभे राहून चहा प्यालो.

घरी आल्यावर पुन्हा पहिल्यापासून. गोळ्या, शबनम मॅडम, ते वाक्य. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी. मी जवळजवळ वर्षभर ते घेतलं नव्हतं. अयोग्य रीतीने घेतलं तर दोष लागतो, या भीतीने मी त्या वेळी बाहेर जाऊन उभा राहायचो. आता ठरलं होतं की घ्यायचं, मन साफ करण्याची वाट न बघता. मी रांगेत उभा राहिलो. पाळकसाहेब भाकर देत पुढे आले. माझ्यासमोर आले आणि शिवी आली, ठळक, नेहमीसारखी. मी त्यांच्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं. त्यांनी काही विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. मी हात पुढे केला, भाकर घेतली, खाल्ली. दिवसभर तोच विचार डोक्यात होता. संध्याकाळी कृपाला गणित शिकवताना तो केव्हातरी गेला.

त्या रविवाराला आता दीड वर्ष झालं. मी बरा आहे, पण पूर्ण बरा असं म्हणत नाही, साक्षीतसुद्धा नाही. गोळी रोज घेतो. विचार अजून येतात, परीक्षेच्या दिवसांत आणि धुराच्या दिवसांत जास्त. ते आले की मी त्यांना बसायला पाट देत नाही आणि हाकलायलाही उठत नाही. कृपा प्रार्थना एकदाच म्हणते. कधी कधी अर्धवट सोडून झोपते.

तुमच्यापैकी कुणाला हे ओळखीचं वाटत असेल, तर एवढंच सांगतो. डॉक्टरांकडे जाणं म्हणजे देवाकडे पाठ फिरवणं नाही. गोळी बंद करायची असेल तर ज्यांनी दिली त्यांना विचारून करा. जीव संपवावासा वाटला तर त्याच मिनिटाला कुणाला तरी सांगा आणि दवाखान्यात जा. लाज नंतर वाटू दे. आणि तुम्ही पाळक असाल, प्रार्थना करणारे शेजारी असाल, तर प्रार्थना जरूर करा, पण त्या माणसाबरोबर ओपीडीच्या बाकावरही बसा. माझ्याबरोबर बसणारे होते. शर्मिला होती, आणि मांडीवर टोपी ठेवून बसलेले ते म्हातारे गृहस्थ होते. याबद्दल मी देवाचे जे आभार मानतो, ते एकदाच मानतो.

गेल्या रविवारची गोष्ट. दुपारची उपासना, पंखा संथ फिरत होता. पाळकसाहेबांचं प्रवचन चालू होतं. खिडकीबाहेर एसीच्या डब्यावर दोन कबुतरं जागेवरून भांडत होती. मी ती बघत होतो. मग जाताना फ्लॉवर घ्यायचा की भेंडी, यावर विचार केला. मग पुन्हा कबुतरं. कृपाने कोपर मारलं.

“पप्पा, झोपलात?”

“नाही,” मी कुजबुजलो. “कंटाळा आला.”

तिने तोंडावर हात धरून हसू दाबलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की वीसेक मिनिटं मी काहीच ऐकलेलं नाही, आणि त्याबद्दल क्षमाही मागितलेली नाही.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब दाराशी हात मिळवत उभे होते. “कसं वाटलं प्रवचन?” त्यांनी विचारलं.

“फार लांबलं,” मी म्हणालो.

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. मागे रांग खोळंबली होती, तरी सोडेनात. “देवाचे आभार, सुहास,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.